हांगा आदीं कितें आशिल्लें? : गोव्यातले मॉल, बाजार आणि बदलती दुकानं

आल्तिनोकर
शनिवार, रात्री 10:40

आज लेकीला घेऊन मॉलमध्ये गेलो होतो. कुठल्या ते मुद्दाम लिहीत नाही. पावसात लहान पोराला कोरड्या जागी पळू द्यायचं तर गोव्यात दुसरी सोय काय आहे, सांगा.

पहिल्या मजल्यावर सरकत्या जिन्याच्या डाव्या हाताला एक गाळा रिकामा झालाय. शटर अर्धं वर, आत सुतार माप घेत होता. पाटी काढलेली, पण मागच्या पत्र्यावर जुन्या अक्षरांची सावली तशीच, आणि तीही एकावर एक. लेक सात वर्षांची. तिने विचारलं, "बाबा, हांगा आदीं कितें आशिल्लें?" म्हटलं, मोबाइलचं दुकान. "ताचे आदीं?" खेळण्यांचं. "आनी ताचे आदीं?" इथे माझी दांडी गुल.

वाकून आत बघितलं तर भिंतीलगत दोन पायऱ्यांचा लाकडी ओटा, वर फाटकी रेक्झिनची गादी. आणि फरशीत मधोमध मोरीची जाळी! पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात मोरी कशाला?

कुणाला आठवतंय का? नसेल तर आपापल्या आठवणीतल्या जागा लिहा. कुठे आधी काय होतं, मग काय आलं.

---

पुरुमेंत
शनिवार, रात्री 10:58

मोरी म्हणजे सलून. एवढं कठीण आहे का? (मी मडगावची. आमच्याकडे असली कोडी जन्मतः सुटतात.)

---

कोल्हापुरी जावई
शनिवार, रात्री 11:05

रसाचं दुकान असणार. बसायला ओटा, ग्लास धुवायला मोरी. मॉलमध्ये घुंगरू लावलेला चरक मात्र मी अजून बघितलेला नाही.

---

आल्तिनोकर
शनिवार, रात्री 11:12

सलूनमध्ये खुर्च्या असतात हो, ओटा कशाला? आणि रसवाल्याला मॉलचं भाडं परवडणार? जावईबापू, तुम्ही झोपा.

---

फेरीबोट
रविवार, सकाळी 6:20

मी म्हापशाचा. वय विचारू नका. तुमच्या मोरीचं मला ठाऊक नाही, पण "आदीं कितें आशिल्लें" म्हणाल तर बसा जरा.

आमचा पसरा, म्हणजे दुकान, बाजारात, आजोबांपासून. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत म्हापशाला नवा बाजार बांधला, त्याची आखणी एकदा नीट बघा. ओळीने गाळे, मध्ये उघडे चौक, कापडाची रांग वेगळी, केळ्यांची वेगळी, मडक्यांची वेगळी, नुस्त्याचं, म्हणजे मासळीचं, मार्केट बाजूला. मॉलवाले ज्याला आज झोनिंग म्हणतात ते आमच्याकडे तेव्हाच होतं, फक्त छताला एसी नव्हता. शुक्रवारी तर गाळ्याबाहेरही पाय ठेवायला जागा नसते, आजसुद्धा.

भारताने 1954-55 मध्ये गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा इथली पोर्तुगीज सत्ता बोटींनी माल आणायला लागली. बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, तांदूळ पाकिस्तानातला, सिमेंट जपानचं. त्यात 1959 मध्ये रुपिया जाऊन एस्कुद आला, एका रुपियाचे सहा एस्कुद. वडील उधारीच्या वहीत दोन्ही आकडे लिहीत, कारण गिऱ्हाईक अजून रुपियांतच बोलायचं. ती वही माझ्याकडे आहे. एका पानावर "बटाट हॉलंड" लिहून खाली रेघ, आणि बाजूला कुणाच्या तरी नावावर तीन आठवड्यांची थकबाकी. ती अजून आलेली नाही.

1961 च्या 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला, त्यानंतर पलीकडचे लोक इथे खरेदीला आले. सावंतवाडी, बेळगाव, कुठकुठून. नायलॉनच्या साड्या, घड्याळं, अत्तरं, फाउंटन पेनं. शिल्लक माल होता तोवर चंगळ. मग तीच फळी, तोच पसरा, पण डबे बदलले. परदेशी लोण्याचे रिकामे पत्र्याचे डबे आईने टाकले नाहीत. एकात जिरं, एकात मोहरी. त्यावरच्या गायीचा रंग माझ्या लग्नापर्यंत शाबूत होता.

पुढे आमच्या गाळ्यात काय काय झालं ते सांगतो. वडिलांनंतर किराणा कमी करून मी तयार कपडे ठेवले. 1986 च्या 5 जुलैला मांडवीचा पूल कोसळला, त्यानंतर पणजीसमोरच्या बेतीला फेरीबोटीची रांग बघून बार्देसचा, म्हणजे आमच्या तालुक्याचा, माणूस पणजीला खरेदीला जायला कंटाळला. ती वर्षं आम्हा म्हापसेकरांना बरी गेली, खोटं कशाला बोलू. (माझं इथलं नाव त्या रांगेवरूनच.) 1992 ला दुसरा पूल आला आणि गिऱ्हाईक परत पणजीच्या अठरा जून रस्त्यावर. मग भावाने एसटीडी बूथ घातला. आता पुतण्या मोबाइलची कव्हरं आणि पावसाळ्यात छत्र्या विकतो.

तर गाळ्यातला माल चार वेळा बदलला, माणसं बदलली नाहीत. तुमच्या मॉलात उलटं. मोबाइलच्या जागी मोबाइलच येतो, पण काउंटरमागे दर खेपेला नवीन पोरगा.

---

पुरुमेंत
रविवार, सकाळी 9:15

फेरीबोट काका, वाचून हात जोडले. पण एक चिमटा काढते, राग मानू नका.

"माणसं बदलली नाहीत" हे सगळीकडचं खरं नाही. मडगावच्या न्यू मार्केटमध्ये, गांधी मार्केटमध्ये फिरून बघा. गाळा आजोबांच्या नावावर, पावती आजोबांच्या नावाची, आत बसणारा तिसराच. मूळ नावाचा नातू घरी बसून महिन्याला पैसे मोजतो आणि तोच चौकात उभा राहून "आमचो बाजार गेलो" म्हणून सुस्कारे टाकतो. आमच्याच नात्यात आहेत असे, म्हणून बोलते. बाहेरचा माणूस आला म्हणून गाळा उघडा तरी राहिला. नाहीतर दुपारी 1 ते 4 कुलूप, संध्याकाळी मूड असला तर.

आता बाजाराच्या बाजूनेही बोलते. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी मॉल आणि बाजार एकाच तासात बघायचा. गेल्या वर्षी मी बघितला. मॉलमध्ये सुरक्षा रक्षक आणि मी, मधोमध थर्माकोलचं मखर, वर पन्नास टक्के सूट. खाली बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान घेऊन आलेल्या बायका रस्त्यापर्यंत. कवंडळं, कांगलां, घागऱ्यो, तोरिंग, आंबाडे, सुपारीचे घोस. एका म्हातारीकडे कांगलांची एकच जुडी उरली होती आणि तिच्यावर आम्ही तिघी. तिने जुडी उचलून पाठीमागे ठेवली आणि म्हणाली, "पयलीं एकमेकांक विचारात, कोणागेर पोरूंय माटोळी उणी जाली." म्हणजे गेल्या वर्षीही कुणाची अपुरी राहिली ते. मॉलमध्ये असं कोण बोलतं? बारकोड लावायला कांगलां धरतात कुठून?

पुरुमेंताच्या फेस्ताचं, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या जत्रेचं, असंच. सुकी मासळी, मिरची, चिंच, आमसुलं भरायची ती रस्त्यावरूनच.

---

सीए कुडचडे
रविवार, दुपारी 12:30

सलून, रस, माटोळी झाली असेल तर जरा हिशोबाचं बोलतो. मॉलमधली पाटी का बदलते याला कारण आहे.

मॉलमध्ये दोन जातींचे भाडेकरू. एक मोठा, अँकर: किराणा-कपड्यांचं भलंमोठं दुकान, सिनेमा. त्याला दर चौरस फुटाला भाडं कमी, कारण तो गर्दी आणतो. दुसरा आपल्यासारखा लहान गाळेवाला. त्याचा दर जास्त, कारण त्याला ती गर्दी आयती मिळते असं मानतात. म्हणजे मोठ्याचं भाडं थोडं लहानाने भरायचं.

लहानाच्या करारात साधारण असं असतं. एक किमान ठरलेलं भाडं, नाहीतर विक्रीतला ठरावीक टक्का, दोन्हींत जे जास्त ते. वर सामायिक देखभालीचा खर्च, म्हणजे जिना, एसी, झाडलोट, रखवाली. त्यावर 18 टक्के जीएसटी. क्षेत्रफळ मोजायचं ते सुपर बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या कॉरिडॉरचा वाटा धरून. तुम्ही दोनशे फुटांचं भाडं भरता आणि आत फळी ठोकायला जागा मिळते सव्वाशेच्या आसपास. तीन वर्षं लॉक-इन, त्याआधी सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्या. तीन वर्षं संपली की बहुधा 15 टक्के वाढ.

आता आल्तिनोकर, त्या पत्र्यावरच्या सावल्या मोजा. दर तीन वर्षांनी एक पाटी, बरोबर? वाढ लागायच्या महिन्यात माणूस हिशोब मांडतो आणि चावी देऊन जातो.

बाजारात हे का होत नाही? जुन्या खासगी इमारतींना गोव्याचा 1968 चा भाडे नियंत्रण कायदा आहे, तिथे भाडेकरूला सहज उठवता येत नाही. पालिकेच्या गाळ्यांना तो कायदा नव्हे, पण तिथला दर वर्षानुवर्षं जुनाच राहतो आणि कराराचे कागद नव्याने करायचे म्हटलं की वाद पेटतो. फेरीबोट काकांचा गाळा चार पिढ्या टिकला त्यात त्यांचा स्वभाव आहेच, पण त्या काळचं भाडंही आहे.

---

फेरीबोट
रविवार, दुपारी 12:52

मान्य. भाडं किती ते मात्र इथे लिहिणार नाही.

---

केपेंकार
रविवार, दुपारी 2:10

सीएबाब, हिशोबात एक रकाना राहिला. खाण.

आमच्या भागात 2008 ते 2012 या काळात पैसा कसा होता ते बघितलेल्यालाच कळेल. घरटी ट्रक, काही घरांत दोन. ट्रकवाल्याची बायको मुलांना घेऊन रविवारी मडगावला, नाहीतर पणजीला. नवे मॉल, नवी शोरूमं त्याच सुमारास फोफावली, हा योगायोग नव्हे. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. ट्रक अंगणात उभे, टायरांत गवत. पुढे थोडं सुरू झालं तोवर 2018 च्या मार्चमध्ये परत बंद, 88 लीज रद्द.

मी स्वतः ट्रकवाला. 2011 मध्ये मुलाला मॉलमधून बूट घेतले, ब्रँडचे. 2013 ला तोच मुलगा, तेच दुकान, आम्ही बाहेरून काच बघून आइसक्रीमही न खाता परत आलो. पुढच्या खेपेला दुकानच नव्हतं. माझ्या एका बूटजोडीने ते बंद पडलं असं नाही, पण माझ्यासारखे किती होते ते मोजा. आता गिऱ्हाईक पर्यटक आणि इथे फ्लॅट घेतलेले दिल्लीवाले. त्यांना हवं ते दुकान येणार.

---

कोल्हापुरी जावई
रविवार, दुपारी 3:40

विषय गंभीर झाला म्हणून थोडं हलकं. गोव्यातला "आदीं कितें आशिल्लें" चा सगळ्यात भारी किस्सा माझ्या सासऱ्यांचा. ते सगळ्यांना सांगतात, "माझो जल्म आयनॉक्सांत जालो." लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सासूबाई सिनेमा बघायला गेल्या होत्या.

---

आल्तिनोकर
रविवार, दुपारी 3:55

हा हा. जुन्या गोमेकॉचं आवार ते. 1842 ची एस्कोला मेडिका, मग गोवा वैद्यकीय महाविद्यालय, ते बांबोळीला गेलं. 2004 मध्ये इफ्फी हा चित्रपट महोत्सव कायमचा गोव्यात आला आणि त्याच आवारात घाईघाईने चार पडद्यांचं मल्टिप्लेक्स उभं राहिलं. आता 2023 पासून तेही पीव्हीआर आयनॉक्स. जिथे लोक काळजीने येरझाऱ्या घालायचे तिथे आता पॉपकॉर्न घेऊन घालतात.

अठरा जून रस्त्याचीही तीच गंमत. 1946 मध्ये त्या तारखेला लोहियांची सभा झाली मडगावात, रस्ता पणजीत. मडगावकरांना तेवढं तरी लोहिया मैदान मिळालं.

---

पुरुमेंत
रविवार, दुपारी 4:01

मैदान मिळालं नाही, आमचंच होतं!

---

सीए कुडचडे
रविवार, संध्याकाळी 6:15

अँकरचं अर्धवट सोडलं होतं. फेब्रुवारी 2022 आठवा. देशभरातल्या बिग बझारच्या दोनशेहून जास्त दुकानांच्या जागा रिलायन्सने ताब्यात घेतल्या, कारण मूळ भाडेकरार आधीच त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतले होते आणि बिग बझारचा मालक फ्यूचर समूह त्यांना भाडं देऊ शकत नव्हता. एका रात्रीत शटर खाली, काही दिवसांनी स्मार्ट बझार म्हणून वर. एवढं मोठं दुकान गेलं ते मालावरून नाही, जागेच्या कागदावरून. लहान गाळेवाल्याने घाबरू नये तर काय करावं? अँकर बंद असतो त्या दिवसांत समोरच्या चष्म्याच्या दुकानात कोण येणार?

बाकी लहान दुकानांच्या लाटा आठवत असतील. आधी सीडी-कॅसेटवाले, ते गाणी मोबाइलमध्ये आली तसे गेले. मग कॉफीवाले. 2016-17 ला चिनी फोनांच्या निळ्या-हिरव्या पाट्या, नोटाबंदी त्याच मुहूर्तावर. आता स्वस्त कपडे, चष्मे आणि मुलांना उड्या मारायच्या गाद्या.

---

गाळा 114
रविवार, रात्री 9:30

इथे दोन वर्षं नुसता वाचतो. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आल्तिनोकरांनी वर्णन केलेला ओटा माझा आहे. मॉलचं नाव मीही घेत नाही.

ती मोरी फिश स्पाची.

आठवतंय का कुणाला? काचेच्या टाकीत पाय सोडून बसायचं आणि बारके मासे पायाची मेलेली कातडी खातात. 2011-12 ला जिकडेतिकडे खूळ होतं. मी गल्फमधून परत आलेलो, हातात थोडे पैसे. ओट्यावर गिऱ्हाईक बसायचं, खाली चार टाक्या, पाणी बदलायला मोरी. ती मोरी काढायला मॉलवाल्यांनी खालच्या गाळ्याच्या छताचा खर्चही माझ्याकडून घेतला.

पहिले सहा महिने रांग लागायची. पोरी किंचाळायच्या, पोरं फोटो काढायची. आईला पहिल्या दिवशी नेलं. तिने टाकी बघितली, मासे बघितले, दराची पाटी बघितली, आणि म्हणाली, "नुस्तें आमी खातात. नुस्त्यान आमकां खावपाक पयशे?" चप्पलसुद्धा काढली नाही. बाकीच्या गोव्याला तिचं पटायला एक वर्ष लागलं एवढंच. कॉलेजची पोरं एकदा येऊन गेली की परत कशाला येतील?

आणि सीएबाब म्हणतात ते लॉक-इन. उरले होते एकोणीस महिने. सोडलं तरी भाडं, ठेवलं तरी भाडं. म्हणून टाक्या काढून खेळणी भरली. म्हणजे आल्तिनोकर, ती दोन्ही नावं माझीच, एकाच करारातली. ओटा मुलांना बसायला कामाला आला. मोरीवर मी रबरी चटई टाकली होती. खेळण्यांवर नफा नव्हता, फक्त तोटा हळू झाला. तीन वर्षं झाली त्या दिवशी चावी दिली. अनामत रकमेतून "जमीन पूर्ववत करण्याचा खर्च" म्हणून पैसे कापले. मोरी तर अजून तिथेच आहे, तुम्हीच बघून आलात.

आता घरीच मसाले करतो आणि म्हापशाला शुक्रवारी बसतो. पालिकेची पावती फाडली की दिवस माझा. संध्याकाळी उठलो की कुणी तीन वर्षांचं मागत नाही.

---

फेरीबोट
रविवार, रात्री 9:48

कुठल्या रांगेत बसता? येत्या शुक्रवारी येतो. शाकुतीचा मसाला असतो का?

---

गाळा 114
रविवार, रात्री 9:55

असतो काका. केळ्यांच्या रांगेच्या टोकाला, निळी ताडपत्री. तुम्हाला उधार नाही, तुमच्या वडिलांची वही वाचली मी वर.

---

सीए कुडचडे
रविवार, रात्री 10:20

अनामतीतून कापलेल्या पैशांचं लेखी मागितलं होतं का? करारात "पूर्ववत" असेल तर त्यांनी केलेल्या कामाची बिलं दाखवायला हवीत. आता मुदत उलटून गेली असेल. इथल्या इतरांसाठी सांगतो: गाळा ताब्यात घ्यायच्या दिवशी आणि सोडायच्या दिवशी, दोन्ही वेळा फोटो काढा, मोरीसकट.

---

आल्तिनोकर
पुढचा शनिवार, रात्री 9:10

आज परत गेलो, लेकीच्याच हट्टाने. सुतार होता. मोरी आता सिमेंटने बुजवलीय. ओटा मात्र ठेवलाय, नवी गादी शिवतायत, कारण चपलांचं दुकान येतंय आणि बसून पाय घालायला तो हवाच. पाटीच्या जागी "लवकरच". मागचा पत्रा घासून रंगवला, त्यामुळे तुमची नावं गेली, गाळा 114.

लेकीला फिश स्पाची सगळी गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि एकच विचारलं, ते मी तसंच इथे देतो: "मागीर तीं नुस्तीं खंय गेलीं?"

---

गाळा 114
पुढचा शनिवार, रात्री 9:34

तिला सांगा, दोन बादल्यांतून स्कूटरवर घरी नेली. बायकोने घरात घ्यायला नाही म्हटलं, म्हणून अंगणातल्या विहिरीत सोडली. उन्हाळाभर दिसायची, कळशी बुडवली की भोवती जमायची. जुलैत विहीर काठोकाठ भरून शेतात वाहिली. त्यानंतर दिसली नाहीत.